बाजूला कोण उभं राहणार

सेडर हिल, नोव्हा स्कोशा
१५ ऑक्टोबर २०१७

चि. कोरीन हिस,
आर्डिथ आत्याचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

फोन का करत नाहीस म्हणून आधीच भांडू नकोस. फोन कानाला लावला की कानातलं यंत्र शिट्टी मारतं, आणि तुझा आतोबा दुसऱ्या खोलीतून कोण आहे, कोण आहे म्हणून ओरडत बसतो. पत्र बरं. पत्रात मध्येच कुणी तोंड घालत नाही.

तर काल चर्चच्या तळघरात रक्त द्यायचं काम एकदाचं उरकलं. तुझ्या संस्थेच्या दोन मुली टोरोंटोहून सुया-बाटल्या घेऊन आल्या होत्या. मुली गुणाच्या, पण अंगात जीव नाही. आम्ही बायकांनी माशाच्या टिक्क्या आणि काकवी घातलेला पाव करून ठेवला होता, तो त्यांनी असा खाल्ला की तुमच्याकडे पगाराबरोबर जेवण देतात की नाही असं मला वाटलं. सगळ्यात आधी टॅनिसने हात पुढे केला. तिची आई डायलिसिसच्या मशीनवर कशी गेली ते तू बघितलंच आहेस. आपल्या काळ्या लोकांच्या किडन्या इतक्या लवकर का जातात हे तुम्ही शोधणार म्हटल्यावर ती पहिली येणार हे मला ठाऊकच होतं.

चर्चचे कारभारी म्हणून सगळ्यात आधी पुढे व्हायचे ते डीकन अल्विन मात्र कोट न काढता कोपऱ्यात बसून होते. त्यांचं तेच पालुपद. त्यांच्या वडिलांच्या काळात कुठल्याशा मोठ्या हॉस्पिटलची माणसं आली होती, सगळ्यांचं रक्त घेतलं, पोरांना एकेक संत्रं दिलं, आणि पुन्हा तोंड दाखवलं नाही. मी त्यांना म्हटलं की ते लोक वेगळे, ही आपली कोरीन आहे. निकाल प्रत्येकाच्या हातात देईन आणि स्वतः समजावून सांगेन असं ती सगळ्यांसमोर बोलली आहे. वर असंही म्हटलं की तिच्या बाजूला मी उभी राहिले आहे, तेव्हा जाब काय विचारायचा तो मला विचारा. मग काढला बाबा कोट.

उभं राहण्यावरून आठवलं, माझे गुडघे अजून त्या सप्टेंबरच्या रविवारबद्दल तक्रार करतात. तू मागणं मांडणार, मंडळी प्रश्न विचारणार, मतं पडणार, आणि तोवर मी आपली तुझ्या बाजूला खांबासारखी. पण काय करणार? बाहेरच्या कुणाला काही मागायचं असेल तर आपल्यातलं एक माणूस त्याच्या बाजूला उभं राहिल्याशिवाय मंडळी ऐकूनसुद्धा घेत नाहीत. पुढे बिघडलं तर जबाबदार ते उभं राहिलेलं माणूस. तू कुठली बाहेरची, पण तुझी संस्था बाहेरची ना!

तुझ्या होलिस आतोबाचे पाय हल्ली संध्याकाळी सुजतात. बुटांचे बंद लागत नाहीत म्हणून बुटाच्या कंपनीला शिव्या देतो. बाकी ठीक.

मे महिन्यात तुला कायम करणार ते नक्की ना? मी तीस वर्षं हॅलिफॅक्सच्या हॉस्पिटलात डॉक्टरांच्या दारांवरच्या पितळी पाट्या पुसल्या. त्यात आपल्यातलं नाव एकदाही हाताला लागलं नाही. तुझी पाटी लागली की मी टोरोंटोला येणार आहे, आणि ती मी पुसणार नाही, नुसती बघणार आहे.

माया आहेच, ती पत्राच्या वजनावरून मोजू नकोस.
तुझी,
आर्डिथ आत्या


टोरोंटो
५ नोव्हेंबर २०१७

ती. आर्डिथ आत्येस,
कोरीनचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. त्या दोघी मुली परत आल्यापासून माशाच्या टिक्क्यांबद्दलच बोलताहेत. रक्ताच्या बाटल्या नीट पोचल्या का, ते मलाच विचारावं लागलं.

इकडची नवलाई सांगते. आमच्या संस्थेत वर्णभेदाविरुद्ध एक समिती निघाली आहे आणि तुझी भाची तिची अध्यक्ष झाली आहे. सबंध इमारतीत संशोधक म्हणून काळी माणसं आम्ही दोघंच, त्यामुळे अध्यक्ष शोधायला त्यांना फार हिंडावं लागलं नाही. महिन्यातून एकदा बैठक असते. बिस्किटं चांगली असतात. लिफ्टमध्ये माझं पोस्टर लावलं आहे, हाताची घडी आणि चेहऱ्यावर आशावाद. खाली लिहिलंय की इथे सगळ्यांना जागा आहे. रोज सकाळी स्वतःकडे बघत वर जाते, मला माझाच कंटाळा आला. तळमजल्यावरचा रखवालदार मात्र अजूनही रोज माझं ओळखपत्र मागतो. तेच पोस्टर त्याच्या पाठीमागच्या भिंतीवरही आहे, पाठीमागे म्हणून त्याला दिसत नसावं.

अभ्यासाचं काम चालू आहे. आमच्या विभागाचे प्रमुख डॉ. पेल हल्ली त्यात स्वतः लक्ष घालतात. निकालाची पत्रं जानेवारीपर्यंत येतील. माझ्या कायम होण्याचं मे महिन्यातच ठरेल, त्याबद्दल आत्ता काही बोलत नाही.

आतोबांच्या पायांचं मला आवडलं नाही. बुटाच्या कंपनीचा काही दोष नसावा. त्यांना खारवलेला मासा कमी दे आणि डॉक्टरकडे ने. ऐकणार नाहीत हे ठाऊक आहे, तरी माझं नाव सांगून बघ.

थंडी पडली आहे. तुझ्या हातचा निळा स्वेटर घालूनच हे लिहिते आहे. असाच जीव लावत राहा.
तुझी,
कोरीन


सेडर हिल
२१ जानेवारी २०१८

कोरीन हिस,
आशीर्वाद. ते काही मी काढून घेतलेले नाहीत.

आज चर्चमध्ये तुझे ते डॉ. पेल येऊन गेले. उंच, गोरापान, हसरा माणूस. आल्या आल्या माझा हात दोन्ही हातांत धरला. कडा कापलेल्या सँडविचची ताटं आणली होती. कडा कुठे गेल्या असं होलिसने विचारलं, मी त्याला कोपर मारलं. प्रार्थनेनंतर त्यांनी निकालाची पाकिटं एकेकाचं नाव घेऊन वाटली. आणि मग सांगितलं की कोरीनवर संस्थेने आता याहून मोठी जबाबदारी टाकली आहे, त्यामुळे हा अभ्यास यापुढे ते स्वतः चालवतील.

माझ्या तोंडात सँडविच होतं, कोरीन. ते धड गिळता येईना, धड बाहेर काढता येईना. सगळं तळघर माझ्याकडे बघायला लागलं. मी जणू आधीपासून माहीत असल्यासारखी मान डोलावली. डीकन अल्विननी माझ्याकडे बघत कोट अंगात चढवला. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

तुला सांगायला काय झालं होतं? पोस्टरचं सांगितलंस, बिस्किटांचं सांगितलंस. जिच्यासाठी मी उभी राहिले ती त्या कामात राहिलीच नाही, हे मला एका परक्या माणसाकडून कळावं? मला फार लागलं आहे, ते साखर न घालता लिहिते.

बाकी निकाल चांगले आहेत. जवळजवळ सगळ्यांच्या पत्रात चिंतेचं कारण नाही असंच आलं आहे. टॅनिस तर रडलीच. आईचं तसं झालेलं, तिला वाटत होतं आपलाही नंबर लागणार. तिने ते पत्र फ्रिजवर लावलं आहे म्हणे. होलिसचा आकडा त्रेसष्ट आहे, पुढे कंसात काळ्या व्यक्तीसाठी असं लिहिलंय. ते काय ते तुम्हालाच ठाऊक. किडनी ठणठणीत म्हणून त्याने आज जेवताना खारवलेल्या माशाचे तीन तुकडे हाणले. मग सपाता घालून बर्फ काढायला गेला, कारण बुटात पाय शिरत नाहीत.

उत्तर लिही. लवकर लिही.
आर्डिथ आत्या


टोरोंटो
२७ जानेवारी २०१८

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

आधी महत्त्वाचं. होलिस आतोबांना या आठवड्यात डॉक्टरकडे ने. रक्त पुन्हा तपासायला सांग, आणि लघवी तपासायला सांगायचं विसरू नकोस. ते नको म्हणाले तर गाडीची किल्ली लपव, त्यांच्याशी बोलू नकोस, काय वाटेल ते कर, पण ने.

आता तुझा राग. तो बरोबर आहे. मी सांगितलं नाही कारण मला लाज वाटली. तू अख्ख्या मंडळीसमोर माझ्यासाठी उभी राहिलीस आणि महिन्याभरात मला बाजूला काढलं, हे कागदावर उतरवायला हात होईना.

का काढलं ते ऐक. किडनी किती काम करते त्याचा रक्तावरून एक आकडा काढतात. साठच्या वर असला की काळजी नको म्हणतात, खाली गेला की डॉक्टरकडे धाडतात. पण माणूस काळा असेल तर आलेल्या आकड्यात जवळजवळ सहावा हिस्सा वरून मिळवायचा, असा नियम आहे. का, तर काळ्यांच्या अंगात मांस जास्त असतं म्हणे! होलिस आतोबांच्या अंगावर मांस कुठे आहे, ते मला एकाने दाखवावं. वरची भर काढली तर त्यांचा आकडा चोपन्न होतो. आणि पाय सुजताहेत. म्हणून तर किल्ली लपवायला सांगितलं.

हे काही आमच्याच संस्थेने काढलेलं नाही. सगळीकडे हेच गणित चालतं, पुस्तकांत छापलेलं आहे, म्हणूनच कुणाला खटकत नाही. मी म्हटलं की निदान आपल्या पत्रांत भर न घालता आकडा द्या. बैठकीच्या टिपणात ते उतरलंसुद्धा नाही. नंतर डॉ. पेलनी मला खोलीत बोलावून फार गोड शब्दांत सांगितलं की या लोकांशी माझं नातं फार जवळचं आहे, त्यामुळे माझ्याकडून तटस्थपणे काम होणार नाही. सप्टेंबरात याच जवळच्या नात्यासाठी त्यांनी मला तुमच्याकडे पाठवलं होतं, ग. रक्त मागायला मी जवळची चालते, हिशोब करायला चालत नाही. त्याच आठवड्यात मला वर्णभेदाविरुद्धच्या समितीची अध्यक्ष केलं. हसावं की रडावं ते मला तेव्हाही कळलं नाही.

ही गोष्ट घराबाहेर बोलू नकोस. आतल्या कामाबद्दल बाहेर बोलायचं नाही असा आमच्याकडे नियम आहे, आणि मे महिन्यात माझा निर्णय याच लोकांच्या हातात आहे. आतोबांना मात्र ने.

रागावलीस तरी तुझी, आणि मनातून न काढण्याबद्दल विनंती,
कोरीन


सेडर हिल
११ फेब्रुवारी २०१८

चि. कोरीन हिस,
अनेक आशीर्वाद.

नेलं. किल्ली लपवावी लागली नाही, तुझं नाव पुरलं. डार्टमथच्या डॉक्टरीणबाईंनी लघवी तपासली, त्यातून प्रथिनं जाताहेत म्हणाल्या. किडनीच्या डॉक्टरची पुढच्या महिन्यातली वेळ मिळाली आहे, गोळ्या सुरू झाल्या, मीठ बंद. कोणी गेल्यासारखं तोंड करून जेवायला बसतो. बटाटा अळणी, मासा अळणी, घरात खारट म्हणून एक बायको तेवढी उरली, असं काल शेजाऱ्यांना सांगत होता. वेळेवर आलात असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते वाक्य मी बरोबर घेऊन फिरते आहे.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच. मी शांत नाही, पण तू वाच.

आज चर्चमध्ये माझ्या पुढच्याच बाकावर टॅनिस बसली होती. मागे वळून मला चिमटे काढत होती, हसत होती, तिची धाकटी पोर माझ्या पर्समधल्या पेपरमिंटच्या गोळ्या शोधत होती. मला ते पत्र फ्रिजवर लटकलेलं दिसायला लागलं. आणि मनात आलं की कोरीनने होलिससाठी पत्र लिहिलं. हिच्यासाठी कोण लिहिणार? अल्विनसाठी कोण लिहिणार? त्यांची कुणाची टोरोंटोत भाची नाही.

तुझ्यासाठी उभी राहिले तेव्हा मी फक्त आपल्या घराचं बोलले नव्हते. सगळ्यांनी बाही वर केली ती माझ्या तोंडाकडे बघून. मी आता त्यांना चिंतेचं कारण नाही म्हणून वावरू देते आहे आणि माझ्या नवऱ्याला मात्र गुपचूप डॉक्टरकडे नेते. मला माझ्या जेवणाची चव लागत नाही, आणि त्याला मीठ कारण नाही.

पण तुझी पाटीही मला हवी आहे. दोन्ही हवं आहे, आणि दोन्ही मिळणार नाही हे मला कळतं, म्हणून तर चिडचिड होते. तू हेच कर असं मी सांगणार नाही. ईस्टरपर्यंत थांबते. तोवर काही झालं नाही तर मीच उठून सांगेन. ते सहाव्या हिश्श्याचं गणित मला धड सांगता येणार नाही, चुकीचं सांगेन, लोक हसतील. पण सांगेन.

तुझ्यावर जीव आहे म्हणूनच एवढं लिहवलं.
आर्डिथ आत्या


टोरोंटो
२१ फेब्रुवारी २०१८

ती. आत्येस,
सा. न.

तुझं पत्र कोटाच्या खिशात घेऊन मी डॉ. पेलकडे पुन्हा गेले. ते म्हणाले की मुद्दा महत्त्वाचा आहे, त्यावर अभ्यासगट नेमू, पानगळीपर्यंत अहवाल येईल. टॅनिसची किडनी पानगळीची वाट बघेल का, असं मी विचारलं. कोण टॅनिस, असं ते म्हणाले.

मग मी ते आमच्या समितीपुढे ठेवलं. मी अध्यक्ष आहे ना! वर्णभेदाविरुद्धची समिती, समोर वर्ण बघून बदललेला आकडा. याहून नेमकं काम कुठून आणायचं? सगळे फार सहानुभूतीने ऐकत होते. एका बाईंचे डोळेसुद्धा भरून आले. मग त्या म्हणाल्या की हा विज्ञानाचा प्रश्न दिसतो, आपल्या कक्षेत बसत नाही. पुढचा विषय पोस्टरचा होता. दुसऱ्या मजल्यावरही लावायचं का.

तुला उठावं लागणार नाही. ४ मार्चच्या रविवारी मी येते आहे, तिकीट काढलं. पास्टरांना सांग की मला मंडळींसमोर बोलायचं आहे. माझ्या बाजूला उभं राहायची गरज नाही, या वेळी मी काही मागायला येत नाही.

भीती वाटते, आत्या. तुझ्यापाशी लपवून काय करू? माझ्यासाठी प्रार्थना कर, आणि ती माशाची टिक्की कर. दोन्ही मनापासून कर.
तुझी,
कोरीन


सेडर हिल
२५ मार्च २०१८

चि. कोरीन हिस,
पास्टरांसकट आम्हा सगळ्यांचे आशीर्वाद.

तू बोललीस ते आम्ही ऐकलंच, त्याचं काय लिहू? पण तुला न दिसलेलं सांगते. तू खडूने फळ्यावर आकडे मांडत होतीस, तुझी पाठ आमच्याकडे होती, तेव्हा लोकांनी पर्समधून, खिशातून आपापली पत्रं काढली आणि गुडघ्यावर ठेवून हिशोब करायला लागले. टॅनिसने पत्र आणलं नव्हतं. तिने तळहातावर पेनाने आकडा लिहिला, भागाकार केला, आणि मूठ मिटून घेतली. संध्याकाळी तू विमानतळावर गेलीस तेव्हा डीकन अल्विन आमच्याकडे आले. मला वाटलं, आला जाब विचारायला. दाराशी टोपी काढून म्हणाले की त्यांच्या वडिलांच्या वेळचं कुणी परत येऊन चूक झाली म्हणालं असतं तर ते आयुष्यभर असे कडू झाले नसते. मग होलिसचं अळणी जेवण जेवून गेले आणि वाईट आहे असं स्पष्ट सांगून गेले.

गेल्या रविवारी डॉ. पेल आले. सँडविच नव्हती. कुणीतरी त्यांना बातमी दिली असणार. छान बोलले. थोडा गैरसमज झाला आहे, अभ्यास थांबला तर नुकसान तुमचंच आहे, तुमचा विश्वास आमच्यासाठी मोलाचा आहे, असं बरंच. मग पास्टरांनी रिवाजाप्रमाणे विचारलं की यांच्या बाजूला कोण उभं राहणार.

कुणी उठलं नाही. अगं, कुणीच नाही. जानेवारीत माझे दोन्ही हात धरले होते ना, म्हणून ते माझ्याकडे बघत होते. मी खाली भजनाच्या पुस्तकाकडे बघत राहिले. वाईट वाटलं मला, खोटं का बोलू? माणूस असा एकटा उभा असलेला मला बघवत नाही. पण उठले नाही.

शेवटी डीकन अल्विनच उठले, आणि जागेवरूनच बोलले. प्रत्येकाला भर न घातलेल्या आकड्याचं नवं पत्र द्या, ज्याला गरज आहे त्याला डॉक्टरची वेळ मिळवून द्या, नाहीतर आमचं रक्त आम्हाला परत द्या, असं सरळ मांडलं. हात वर झाले, सगळे. डॉ. पेल म्हणाले की हे त्यांच्या एकट्याच्या हातात नाही, वर विचारावं लागेल. अल्विन म्हणाले की विचारा, आमच्याकडे तर झालंसुद्धा ठरवून.

तुला तिकडे काय त्रास देताहेत ते लिही. बिस्किटांचं लिहू नकोस, खरं लिही.
मायेची,
आर्डिथ आत्या


टोरोंटो
६ मे २०१८

ती. आत्येस,
सा. न. वि. वि.

नवी पत्रं गेल्या आठवड्यात टपालात पडली. भर काढून टाकली आहे. मंडळी रक्त परत मागताहेत हे कळल्यावर वरच्या लोकांना अभ्यासगटाची गरज उरली नाही. शुक्रवारी संस्थेने जाहीर केलं की वर्णभेद दूर करण्यासाठी संस्थेने स्वतःहून हे पाऊल उचललं आहे. वर डॉ. पेल यांचा फोटो. माझं नाव कुठे नाही, आणि खरं सांगते, मला वाटलं होतं त्यापेक्षा ते जास्त लागलं.

आता माझं. कायम करायला तयार होते. दोन अटी होत्या. एक, मी नियम मोडला याबद्दल लेखी माफी. ती मी दिली असती, मोडलाच होता. दुसरी, यापुढे सेडर हिलच्या कुणाशीही अभ्यासाबद्दल परवानगीशिवाय बोलायचं नाही. म्हणजे उद्या तिथलं कुणी मला विचारेल की माझं काय होणार, तर मी आधी डॉ. पेलना विचारून यायचं. मी एक दिवस मागून घेतला, आणि नाही म्हणून आले. जूनअखेर माझं इथलं संपलं.

निघताना डॉ. पेल लिफ्टपर्यंत सोडायला आले. वाईट वाटतंय म्हणाले, आणि मला वाटतं त्यांना खरंच वाटत होतं. मग म्हणाले की पुढच्या वर्षी फुप्फुसांचा अभ्यास निघतो आहे, सेडर हिलमध्ये मी त्यांच्यासाठी एक शब्द टाकेन का. मी म्हटलं, पत्ता तुम्हाला माहीत आहे, रविवारी दार उघडं असतं, बाजूला उभं राहायला माणूस मात्र तुमचं तुम्ही शोधा.

हे लिफ्टमध्ये फार छान वाटलं. घरी येऊन खूप रडले. बारा वर्षं गेली, आत्या. डार्टमथच्या आरोग्य केंद्रात जागा आहे म्हणतात, पगार निम्मा, संशोधन नावाला. घेईन की नाही ठाऊक नाही. तुला बघायची होती ती पाटी राहिलीच, त्याचं मला सगळ्यात जास्त वाईट वाटतं. १८ मेच्या शुक्रवारी चार दिवसांसाठी येते. रागावायचं असेल तर तोवर रागावून घे.

तुझ्या लोभावाचून माझं भागणार नाही, हे आता तरी तुला कळलं असेल.
कोरीन


सेडर हिल
१२ मे २०१८

चि. कोरीन हिस,
आत्याचे आणि आतोबाचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र काल आलं. मी ते वाचलं, घडी केली, आणि दिवसभर कुणाशी बोलले नाही. होलिसला वाटलं त्याने काहीतरी केलं, म्हणून त्याने न सांगता भांडी घासली. मला ते नाव दारावर हवं होतं, कोरीन. अजून हवं आहे. ते मिळालं नाही याचा राग मी मरेपर्यंत सोडणार नाही, आणि तू मला तो सोडायला सांगू नकोस. तुझ्यावर मात्र राग नाही. तुझ्यावर नव्हताच.

आज सकाळी टॅनिस आली होती. नवं पत्र हातात होतं. तिचा आकडा साठच्या बराच खाली आला आहे. चौतीस वर्षांची पोर. परवा हॉस्पिटलात जाऊन आली. तिथल्या डॉक्टरने सगळं नीट सांगितलं म्हणे, वेळेत कळलं आहे, गोळ्यांनी सांभाळता येईल, मशीन लागेलच असं नाही. ती हो हो करत मान हलवून बाहेर आली, आणि गाडीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की एक अक्षर डोक्यात शिरलं नाही.

माझ्या स्वयंपाकघरात बसून मला विचारत होती की आईसारखं होईल का, पोरांना कधी सांगायचं, त्यांचंही रक्त तपासायचं का. मी काय सांगणार? मी तिच्या हातात चहा दिला आणि म्हटलं की मला यातलं काही कळत नाही, कोरीन शुक्रवारी येते आहे.

मग तिने चहा प्यायला. म्हणाली, कोरीनने सांगितलं तर कळेल मला. दुकानात फोन करून तिने शुक्रवारची रजा टाकली आहे.

विमानतळावर होलिस येईल. माझा लोभ इथे आहेच, येताना तुझा घेऊन ये.
तुझी,
आर्डिथ आत्या